नातीच्या खुर्चीचं माप

लहान मुलाच्या खुर्चीसाठी चार मापं लागतात. मुलाला सपाट फळीवर बसवायचं, पाठ भिंतीला टेकवायची आणि कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत टेप धरायचा. त्यातून दोन बोटं वजा केली की बैठकीची खोली मिळते. खाचेपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पाय ठेवायच्या पाटीपासून बैठकीची उंची. मूल स्प्लिंट (पाय नीट धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा साचा) किंवा बूट घालून बसणार असेल, तर ते घालूनच मोजायचं. कमरेची रुंदी घ्यायची आणि वर एक इंच सोडायचा. शेवटी हात सैल सोडून कोपर दुमडायला लावायचं, कोपरापासून बैठकीपर्यंत जे अंतर येईल ती समोरच्या ट्रेची उंची. मूल वाढत असतं, म्हणून दर पाच-सहा महिन्यांनी हे सगळं पुन्हा.

मी रेल्वेत सुतार होतो, नागपूरच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये. नॅरोगेजच्या डब्यांची बाकं, खिडक्यांच्या चौकटी, दारं हे आमचं काम. अडीच फुटांच्या रुळावर चालणारी ती गाडी होती, त्यामुळे डब्यातली प्रत्येक वस्तू हात आखडून बनवावी लागायची. अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर माणसाचे गुडघे समोरच्याला लागायचे. निवृत्त झालो तेव्हा हत्यारांना तेल लावून पेटी पलंगाखाली सरकवली होती. नातीसाठी ती पुन्हा बाहेर काढली. ज्यांच्या घरात तिच्यासारखं, स्वतःहून नीट बसता-चालता न येणारं मूल आहे आणि ज्यांना वाटतं की हे काम डॉक्टरचं आणि आईचं, त्या आजोबांनी, काकांनी, मामांनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

आमची छकुली दिवस भरायच्या खूप आधी जन्मली. काही आठवडे काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर वेगळं काही आहे हे सगळ्यात आधी माझ्या बायकोच्या हाताला कळलं. तेल लावताना पोरीचे पाय एकमेकांवर तिढी घालायचे, लंगोट बदलायला मांड्या हळूहळू सोडवाव्या लागायच्या. ती मला म्हणाली, "अहो, हिचे पाय सैल नाही पडून राहिले. आपल्या पोरांचे असे नव्हते."

डॉक्टरांनी नाव सांगितलं: सेरेब्रल पाल्सी, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया हा प्रकार, म्हणजे स्नायू ताठ राहतात, पायांत जास्त. कागद काढून समजावलं. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्या असतात त्यांच्या कडेचा पांढरा भाग नाजूक असतो. पायांकडे जाणाऱ्या तारा तिथूनच, पोकळीला सगळ्यात लागून जातात. म्हणून अशा मुलांचे पाय जास्त अडतात, हात कमी. मेंदूतली ती इजा पुढे वाढत नाही. पण हाडं वाढत राहतात आणि ताठ स्नायू त्यांच्या बरोबरीने लांब होत नाहीत, म्हणून सांधे ओढले जातात. व्यायाम, स्प्लिंट, नीट बसवणं, उभं करणं हे सगळं त्या ओढीशी चाललेलं काम आहे, आणि ते वाढ थांबेपर्यंत चालतं. एकदा मला हे समजल्यावर "किती दिवसांत बरी होईल" हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. आज काय करायचं ते विचारायला लागलो.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. बाळाची मान साधारण चौथ्या महिन्यापर्यंत धरली जावी, नवव्यापर्यंत ते आधाराशिवाय बसावं, दीड वर्षापर्यंत चालावं. लवकर जन्मलेलं असेल तर जितके आठवडे आधी आलं तितके वयातून वजा करून मोजायचं. हे टप्पे माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेले असतात. ते कार्ड लसीच्या तारखांसाठी आपण जपून ठेवतो, मग हेही वाचावं. "आमच्याकडे पोरं उशिराच चालतात" हे वाक्य विदर्भात प्रत्येक घरात कुणी ना कुणी मोठं माणूस बोलतं आणि त्या वाक्यात मुलाचं वर्ष निघून जातं. बाळाचा मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत जेवढं शिकतो तेवढं पुढे शिकत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, २०१३ पासून येतं आहे. त्यांना दाखवलं तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे पैसे लागत नाहीत.

आता बोलायला जड जातं ते. छकुलीचं निदान झालं त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले होते. पंगत उठल्यावर आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी सूनबाईला विचारलं, "ग्रहणात बाहेर पडली होतीस का तू?" दुसरीने सुरी-कात्रीची चौकशी केली. सूनबाई हातातलं भांडं घेऊन आत गेली. मी सासरा आहे, म्हणून ते बोलणं माझ्याकडून व्हायला हवं होतं, आणि मी सगळ्यांसमोर बोललो. पोर लवकर जन्मली, त्याने मेंदूला इजा झाली, डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलंय, ग्रहणाचा काही संबंध नाही. माझ्या घरात हा प्रश्न पुन्हा कुणी विचारायचा नाही. बायका गप्प झाल्या, एक-दोघी रागावल्याही. रागावोत. घरातल्या पुरुषांनी, विशेषतः सासऱ्यांनी, हे एकदा मोठ्याने बोलणं म्हणजे सुनेच्या पाठीवरचं मणभर ओझं उतरवणं आहे. तिला पुढे वर्षानुवर्षं मुलाला घेऊन दवाखाने चढायचे असतात. तिच्या मनात अपराध भरून तुम्ही मुलाचं काय भलं करता?

थेरपी करणाऱ्या मॅडम भेटल्या हे आमचं नशीब. त्यांनी पहिल्या भेटीत छकुलीचे पाय बघितले, खुबे बघितले आणि मग माझ्या मुलाला म्हणाल्या, "घराचे फोटो पाठवा. ती जेवते ती जागा, आंघोळीची जागा, झोपायची जागा, खेळताना बसते ती जागा." मुलगा गोंधळला. त्या म्हणाल्या, "इथे ती माझ्याकडे पाऊण तास असते. बाकीचा दिवस त्या फोटोंत असतो."

फोटोंत काय होतं? छकुली कुणाच्या तरी मांडीवर, कडेवर, नाहीतर जमिनीवर पाय मागे दोन्हीकडे फेकून बसलेली. तशी बैठक या मुलांना सोपी वाटते कारण बूड रुंद होतं, पण सारखं तसंच बसलं की खुबे आतल्या बाजूला वळतात. दूध आणि पाणी आजीच्या मांडीवर मान मागे टाकून. मॅडमनी त्या फोटोवर बोट ठेवलं. मान मागे गेली की घोट श्वासनलिकेत जाण्याचा धोका, म्हणून ठसका आणि पुन्हा पुन्हा छातीत कफ. बाळ सरळ बसलेलं, हनुवटी किंचित खाली, भरवणारा समोर आणि डोळ्यांच्या उंचीला. आजीने त्याच दिवशी बोंडलं फडताळात वर ठेवून दिलं. पातळ वरणाऐवजी घट्ट वरणभात मऊ कालवून चमच्याने द्यायला लागली. मग चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो जाड केला, तेव्हा पोर स्वतः धरू लागली.

पण सरळ बसवायचं कशात? आमच्याकडे टेबल-खुर्चीवर कुणी जेवत नाही, सगळे पाटावर. मॅडमनी कोपरा-खुर्ची सुचवली आणि मी लकडगंजच्या लाकूडबाजारात गेलो.

कोपरा-खुर्ची म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन फळ्या, त्यांच्या कोपऱ्यात मुलाची पाठ. सपाट पाठीच्या खुर्चीत या मुलांचे खांदे मागे ओढले जातात, हात बाजूला जातात. कोपऱ्यात बसवलं की खांदे पुढे येतात आणि दोन्ही हात आपोआप समोर, छातीपुढे भेटतात. मूल हातात वस्तू धरून बघतं, दुसऱ्या हातात घेतं. पाय पुढे लांब. मी पहिली खुर्ची जमिनीलगतच केली होती, तेव्हा मॅडम म्हणाल्या की मांडीमागचे स्नायू आखूड असले तर पाय लांब करून बसल्यावर कंबर मागे घसरते आणि पाठीचा कुबड होतो, बैठक तीन-चार इंच वर घ्या. बैठकीखाली लाकडी पाटी ठोकली आणि पोरीची पाठ सरळ उभी राहिली. तीन इंचांची गोष्ट.

हे मला लगेच समजलं, कारण डब्याचं काम तसंच असतं. खालची चौकट अर्धा सूत कलली तर वरची खिडकी कितीही रंधा मारा, लागत नाही. मुलाची कंबर ही ती चौकट आहे. कंबर नीट बसली की पाठ बसते, पाठ बसली की मान, मान बसली की डोळे आणि हात कामाला मोकळे होतात. मूल लक्ष देत नाही, हातात काही धरत नाही, लगेच रडतं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या घरांत मी आता पहिल्यांदा मूल कशावर बसलंय ते बघतो. पुष्कळदा पाय हवेत लोंबकळत असतात. पायाखाली पाटी दिली की निम्मं मूल शांत होतं.

दुसरी खुर्ची उंच केली, ट्रेवाली. बैठकीत दोन गुडघ्यांच्या मध्ये लाकडी ठोकळा, त्यावर स्पंज आणि रेक्झिन, म्हणजे मांड्या आत मिटत नाहीत. पट्टा पोटावरून नाही घ्यायचा, खुब्याच्या घडीतून खाली-मागे तिरका घ्यायचा, नाहीतर मूल पट्ट्याखालून घसरतं. कडा सगळ्या गोल, खिळ्याचं डोकं कुठे वर नाही. रंग मी लावत नाही. मुलं ट्रेची कड चावतात आणि रंगात काय असतं कुणास ठाऊक. जवसाचं तेल दोन-तीनदा पाजतो आणि वाळू देतो. लाकूड सागवानच हवं असं नाही. बैठक आणि पाठ एकोणीस एमएमच्या प्लायची चालते, पाय तेवढे घट्ट लाकडाचे. बाजारात अशा खुर्च्या मिळतात, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून कानपूरच्या एलिम्को कारखान्याच्याही मिळतात आणि त्या चांगल्या असतात. ज्याला मिळेल त्याने जरूर घ्यावी. फक्त घरी आणल्यावर ती आपल्या मुलाच्या मापाला बसवून घ्यावी लागते, आणि ते गल्लीतला कुठलाही सुतार करू शकतो. त्याला आधी मूल दाखवा, नुसती खुर्ची नको.

मग उभं राहायची चौकट. छकुली स्वतः उभी राहू शकत नव्हती, आणि माझी बायको म्हणायची, "पोरीला बसू द्या न, उभं कायले करून राहिले? पाय दुखतील तिचे." मायेने म्हणायची. मॅडमनी तिला खुब्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची वाटी. आपण वर्षाच्या आतबाहेर उभे राहतो, वजन पायावर येतं, त्या वजनाने वाटी खोल होत जाते. या मुलांना उभं केलंच नाही तर वाटी उथळ राहते आणि ताठ स्नायू गोळ्याला हळूहळू बाहेर ओढतात. म्हणून ठराविक काळाने खुब्याचा एक्स-रे काढायचा, दुखत नसलं तरी. माझ्या बायकोने एक्स-रे बराच वेळ बघितला. त्यानंतर छकुलीला उभं करायचं काम तिने स्वतःकडे घेतलं, आणि आजतागायत ते तिचंच आहे.

चौकट मी स्वयंपाकघराच्या ओट्याला लावून केली. भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं मूल रडणारच. इथे आजी भाजी निवडते, छकुली शेजारी पट्ट्यात उभी, पाय थोडे फाकलेले, टाचा टेकलेल्या, समोर ट्रेवर तिच्या वाट्याचं काम. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायला देतो. शेंग दोन बोटांत धरून दाबायची, दाणा काढायचा, वाटीत टाकायचा. मॅडम हेच काम प्लॅस्टिकच्या मण्यांनी करून घ्यायच्या. निम्मे दाणे तोंडात जातात. जाऊ द्या.

सूनबाई नोकरी करते. निदान झाल्यावर नातेवाइकांत बोलणं सुरू झालं की आता तिने घरी बसावं. मी आणि मुलगा दोघांनी नको म्हटलं. दिवसभर एकाच बाईने व्यायामही घ्यायचे, स्प्लिंटही चढवायचे, भरवायचं, रडू ऐकायचं, आणि वरून तिनेच माया करायची. यात माया मागे पडते. आमच्या घरात कामं वाटलेली आहेत. सकाळचं पाय ताणणं मुलगा करतो, ऑफिसला जायच्या आधी. उभं करणं आजीचं. खुर्च्या, चौकटी आणि थेरपीला नेणं माझं. मेट्रो झाल्यापासून ते सोपं झालं, स्टेशनला लिफ्ट आहे, गाडी डब्यात ढकलत नेता येते आणि छकुलीला खालचं सगळं नागपूर दिसतं. संध्याकाळी सूनबाई घरी आली की ती गोष्ट सांगते, वेणी घालते, लाड करते. थेरपीतलं काही तिला करायचं असलं तर करते, पण तिच्या नावावर ते लिहिलेलं नाही. मॅडमनाही हे पटलं. त्यांनी व्यायाम कमी करून दिले आणि जे ठेवले ते रोजच्या कामात बसतील असे ठेवले.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहितो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि प्लॅस्टिकच्या स्प्लिंटमध्ये पोरीचा पाय उकडतो. स्प्लिंट काढूनच टाकले तर दोन महिन्यांत टाच वर उचलली जाते. आम्ही वेळ बदलली. पहाटे आणि कूलर लागल्यावर दुपारी झोपेच्या आधी. आत पातळ सुती मोजा, शिवण उलट्या बाजूला करून, दिवसातून दोन-तीनदा बदलायचा. काढल्यावर कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट तिथे बोचतोय, करून देणाऱ्याकडे परत न्यायचा. स्वतः कापायचा नाही. मला तर हातात कानस घेऊन बसायचा मोह होतो, पण ते माझं काम नव्हे.

तान्हा पोळा आमच्या नागपूरचा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी बोजारा (खाऊ, पैसे) मिळतो, भोसल्यांच्या काळापासून चालत आलंय. छकुलीला बैल हवा होता. मीही म्हटलं, चाकांचा लाकडी बैल म्हणजे ढकलून चालायची गाडीच की. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पुढे ढकलायच्या वस्तूवर ही मुलं ओणवी होतात, वजन हातावर टाकतात, गुडघे वाकतात. रोजच्या चालण्यासाठी चौकट पाठीमागे राहील असा वॉकरच बरा. सणाला मात्र बैल असावा, नीट केला तर.

नीट म्हणजे कसा, यावर आम्ही दोघांनी कागदावर बरीच रेघोट्या ओढल्या. बैलाच्या पाटाखाली लोखंडी पट्टी बसवून वजन खाली आणलं, म्हणजे ढकलल्यावर उलटत नाही आणि पुढे पळत नाही. चाकं मोठी, त्यांच्या आसाला नमद्याची पट्टी घासती ठेवली, म्हणजे जोर लावल्यावरच सरकतात. मूठ आडवी न ठेवता दोन उभ्या मुठी केल्या, छातीच्या जरा खाली, त्यामुळे धरल्यावर पाठ सरळ राहते. बैल शिवणीच्या लाकडाचा. शिंगं आजीने रंगवली, झूल सूनबाईने शिवली.

सकाळी मारबतीची मिरवणूक असते, ईडा-पीडा घेऊन जा म्हणत पुतळे नेऊन जाळतात. त्या दिवशी शेजारच्या एक आजीबाई भल्या मनाने म्हणाल्या, "पोरीवरून काही उतरवून मारबतीसोबत धाडून द्या जी, ईडा-पीडा जाते." माझ्या बायकोने त्यांना आत बोलावून चहा दिला आणि छकुलीला स्प्लिंट कसे घालायचे ते दाखवलं. पट्टे कुठे घट्ट, कुठे सैल. त्या आजीबाईंनी मग दुपारी तो पट्टा स्वतः बांधून दिला. माझ्या बायकोकडून मी हे शिकलो आहे. माणसाशी वाद घालण्याआधी त्याच्या हातात काम द्यावं.

संध्याकाळी छकुली बैल घेऊन निघाली, आमच्या फाटकापासून गल्लीच्या वळणापर्यंत. मी मागे, हात न लावता. गल्लीतल्या पोरांनी आपले बैल तिच्या वेगाला लावले. मोठ्या माणसांना "थांबा, तिला येऊ द्या" असं कुणी शिकवावं लागतं, पोरांना लागलं नाही. प्रत्येक दारात ती पोचेपर्यंत लोक बोजारा हातात धरून उभे होते, कुणी उचलून आणायला पुढे आलं नाही, कारण आदल्या आठवड्यात मुलाने घरोघरी जाऊन तेवढंच मागितलं होतं: उचलू नका, वेळ द्या. ती दमली, दोनदा बसली, पुन्हा उठली. मुलाला हालचाल किती जमते याची डॉक्टर पाच पातळ्यांची एक मोजणी लावतात, जीएमएफसीएस नावाची. छकुली तिसरीत आहे, म्हणजे हातात आधार धरून चालणारी. दूरच्या अंतराला तिला पुढेही चाकाची खुर्ची लागेल, आणि त्यात आम्हाला काही कमी वाटत नाही. गल्लीपुरतं तिचं तिला जाता येतं.

आमच्याच गल्लीत सिकलसेलचा एक पोरगा आहे, आठवीतला. रक्ताचा, जन्मापासूनचा आजार; आपल्या विदर्भात तो फार. चालता-बोलता धडधाकट दिसतो, म्हणून शाळेत त्याला आळशी म्हणायचे. थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं की त्याची हाडं अशी दुखतात की तो ओरडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि सिकलसेल त्यात आहे, हे त्याच्या घरी कुणाला माहीत नव्हतं. खेळता येत नाही त्या दिवशी तो छकुलीपाशी येऊन बसतो आणि तिला पाढे म्हणायला लावतो. दोघांचं चांगलं जमतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण लोक फोन करून तेच विचारतात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) लवकर काढा. लहान मुलाला "शिक्का लागेल" म्हणून थांबू नका, चाळीस टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती लागू होतात. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो. नागपुरात केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, तिथे थेरपी आणि साधनं दोन्हींची चौकशी करता येते. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि सोबत्याला रेल्वेत स्लीपरला ७५ टक्के सवलत मिळते. मी रेल्वेचा माणूस, हे तर मी भेटेल त्याला सांगतो. एका दवाखान्यात आम्हाला प्रमाणपत्रासाठी पोरीला कडेवर घेऊन जिने चढायला लावले होते. ज्यांनी ती खोली वरच्या मजल्यावर ठेवली त्यांनी एकदा तरी दहा-बारा किलोचं ताठ पायांचं मूल घेऊन तो जिना चढावा.

यंदा छकुली पहिलीत जाते. गल्लीच्या पलीकडची शाळा, तिच्या मैत्रिणी जातात ती. कायद्याने दिव्यांग मुलाला सहा ते अठरा वर्षं जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, पण आम्ही कायदा दाखवायला गेलोच नाही, टेप घेऊन गेलो. मुख्याध्यापिका बाई माझ्याबरोबर शाळाभर फिरल्या. वर्गातलं बाक उंच आहे, खाली पाय ठेवायला पाटी करून देतो. बाकाची कड धरून उठता येईल अशी जागा दाराजवळ. मुतारीत धरायला दांडी नाही, ती दोन्ही बाजूंना लागेल. आणि फाटकाशी दोन पायऱ्या, मिळून दहा इंच. एका इंचाला बारा इंच असा उतार लागतो, म्हणजे दहा फुटांचा रॅम्प. त्याहून चढा केला की चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही आणि उतरताना पळते. चार फूट रुंद, कडेला चार बोटं उंच कठडा, वर खरखरीत गिलावा. बाई म्हणाल्या, चौथीतही एक मुलगा आहे, त्याला त्याचे वडील रोज उचलून आत सोडतात आणि कामावर जायला त्यांना उशीर होतो. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं.

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर वेळ आहे. विटा एका शेजाऱ्याच्या जुन्या भिंतीच्या मिळाल्या, सिमेंट मंडळाच्या वर्गणीतून येतंय, गवंडी आमच्याच ओळखीचा. वाळू शनिवारी येते. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी यावं, घमेलं घरून आणलं तर बरं. नऊनंतर ऊन होतं, त्याच्या आत पहिला थर टाकून घेऊ.